नखाची रेघ

९ जानेवारी, रविवार

खोकी अजून पलंगाखालीच! लग्नाला महिना होऊन गेला. माझे कपडे कपाटात लागले, कंगवा आरशापुढे आला, दारावरच्या पाटीत नावसुद्धा चढलं. पुस्तकं मात्र खोक्यात. कारण पुढच्या खोलीतलं काचेचं कपाट भरलेलं आहे. तिच्या पुस्तकांनी. ती म्हणजे यांची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. जिवंत असती तर दोन शब्द सुनावले असते, दोन ऐकले असते, मोकळं झालं असतं. मेलेल्या सवतीशी भांडताही येत नाही.

आज हे म्हणाले, हवं तर एक फळी रिकामी करून देतो. चेहरा असा की मी यांच्याकडे एक मूत्रपिंड मागितलंय. मी म्हटलं, राहू द्या, घाई नाही.

घाई आहे. पण हे कुणाला सांगू?

१० जानेवारी, सोमवार

हे कामावर गेल्यावर काच सरकवून तिची पुस्तकं पाहिली. आवड कसली बाई! जाडजूड कादंबऱ्या, ज्यांत तीन पिढ्या नुसत्या श्वास घेतात. कविता. कुणाकुणाच्या आठवणी. एका कादंबरीत एक म्हातारी खिडकीशी बसलेली आहे. पुष्कळ पानं उलटली तर ती उठून दुसऱ्या खिडकीशी गेली होती. संपलं.

माझं तसं नाही. मला खून लागतो, आणि तो लवकर पडावा लागतो. मग संशयित, मग पुरावा, मग पुन्हा एक खून. सूर्योदय आला की मी पान उलटते. प्रेमबीम आलं तर दोन. जेवताना वाचते, बसमध्ये वाचते, दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली धरून वाचते. एकच नियम — शेवट आधी बघायचा नाही. शेवट आधी वाचणाऱ्या माणसांशी मी मैत्रीसुद्धा ठेवत नाही.

आणि वाचताना नखं खाते. लहानपणापासून! आईनं बोटांना कडू औषध चोळलं तर मला त्या औषधाचीच गोडी लागली. पुस्तक कसं आहे ते माझी बोटं बघून सांगता येतं. बरं असेल तर पांढरं टोक गेलेलं. फारच चांगलं असेल तर कातडी सोललेली, रक्त. नखं कापायचं यंत्र मी आयुष्यात विकत घेतलं नाही. कापायला उरतंय काय?

१६ जानेवारी, रविवार

हे घर फार सभ्य आहे. दोघंही एकमेकांना वाट करून देतो. मीठ बरोबर आहे? हो. चहा करू? कर. हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर लोकांना वरखाली करायचं, घरी येऊन हातावरचं ग्रीस साबणानं घासघासून काढायचं, मग गप्प. वाईट नाहीत हो. परवा माझी बस चुकली तर दुकानापर्यंत न्यायला आले. पण हसत नाहीत. एकदाही नाही! मी दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवल्या. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईकडे नकलांचा काय तोटा? मालक डोळे तपासतात आणि मी लोकांच्या हातात जवळचं वाचायचं कार्ड देते. एक आजोबा सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचतात, कार्ड उलटं धरून. पाठ आहे त्यांना. हे सांगितलं तर हे म्हणाले, "अच्छा."

इथे तरी खरं लिहिते. मला या माणसाला हसताना बघायचंय. त्रेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं ते कुणाच्या घरी सभ्य पाहुणी म्हणून राहायला नाही.

१९ जानेवारी, बुधवार

सर्दी, ताप. दुकानाला दांडी. खोकी ओढायचा जीव नव्हता म्हणून हाताला आलं ते तिचं पुस्तक घेतलं आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले. तिचीच खुर्ची असणार. उजव्या हाताकडचा वेत पार गुळगुळीत झालाय.

पुस्तक कंटाळवाणंच. पण एक गंमत दिसली. समासात मजकुराच्या कडेला उभी रेघ. शाई नाही, पेन्सिल नाही. पान उजेडाकडे तिरकं धरलं की दिसते, बोट फिरवलं की लागते. पुढे आणखी एक. दुसरं पुस्तक काढलं. त्यातही! कपाटातल्या एकूण एक पुस्तकात असणार. कागद दुमडल्यासारखी नाही, ओरखडल्यासारखी. कुणीतरी नखानं ओढल्यासारखी.

२३ जानेवारी, रविवार

नणंदबाई येऊन गेल्या. त्या मला "नवी वहिनी" म्हणतात. तिला नुसतं "वहिनी". चालायचंच.

भाजी निवडता निवडता मी सहज रेघांचं विचारलं. त्या एकदम थांबल्या. मग हसल्या, डोळे पुसले, सगळं एकदम. म्हणाल्या, वहिनीची नखं लांब होती, आणि उजव्या अंगठ्याचं सगळ्यात लांब. ते ती कधी कापायची नाही. दुपारी त्या खुर्चीत बसून वाचायची आणि जे आवडेल तिथे नखानं खूण करायची. संध्याकाळी दादा आला, चहा झाला, की तेवढंच त्याला वाचून दाखवायची. रोज. दादानं जन्मात एक पुस्तक उघडलं नाही, पण असं थोडं थोडं करून सगळं कपाट ऐकलंय! वर वहिनी पुस्तकाचा शेवट आधी वाचून घ्यायची. म्हणायची, शेवट कळला की घाई राहत नाही. आणि दादाला अरे-तुरे करायची त्यावरून आई किती चिडायची, तेही सांगून झालं.

शेवट आधी वाचायची! तरीच.

२५ जानेवारी, मंगळवार

केलं. लाज वाटतेय पण केलं!

संध्याकाळी चहा झाल्यावर तिचं एक पुस्तक घेतलं, खूण शोधली आणि म्हटलं, अहो, हे ऐका, आज वाचलं, गंमत वाटली. आणि वाचलं — "काका घरात शिरले की आधी त्यांचं पोट यायचं, मग बातमी, आणि सगळ्यात शेवटी काका."

हे हसले. आधी नाकातून, मग खरंच. कप खाली ठेवावा लागला. दात किंचित पुढे आहेत यांचे, मला आज कळलं! मग आपण होऊन बोलायला लागले. कामावरचा कोण तो जाडा, लिफ्टचं दार त्याच्या पोटाला लागून परत उघडतं, असं कायकाय. जेवण होईपर्यंत बोलत होते.

ते तिचं होतं. पण वाचलं मी. आवाज माझा होता.

३० जानेवारी, रविवार

आता रोज. दुकानातून आले की आधी कपाटाशी. खूण शोधायची, एकदा मनात वाचायची, अडखळायला नको. मग चहा. हे कपाची बशी गुडघ्यावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. काल वाचलं — "घर झाडून झालं की ती उंबऱ्यात उभी राहायची. आता कुणी आलं तर बरं, असं तिला वाटायचं. आणि कुणी आलं की, आत्ताच तर झाडलं होतं, असं." त्यावर कितीतरी वेळ गप्प होते. पण ते पूर्वीचं गप्प नव्हे. मग विचारलं, "हे तूच निवडतेस ना?"

मी म्हटलं, "हो. मीच."

झालं. आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

६ फेब्रुवारी, रविवार

यांनी स्वतः फळ्या ठोकून मांडणी केली! माझ्या पुस्तकांसाठी! सकाळपासून भुसा, खिळे, मोजपट्टी. खोकी उघडली. माझे सगळे खुनी, चोर, विष घालणाऱ्या मावश्या — सगळे उजेडात आले. हे एकेक मुखपृष्ठ बघून म्हणाले, बापरे, मी तुझ्याबरोबर एकटा राहतो! मी इतकी हसले की उचकी लागली.

आज या घरात राहायला आले मी.

९ फेब्रुवारी, बुधवार

नीट लिहिते. घडलं तसं, क्रमानं.

परवा दुकानाशेजारच्या पुस्तकवाल्याकडून नवी रहस्यकथा घेतली. कोरी. प्लास्टिकमध्ये बंद. प्लास्टिक मी बसमध्ये दातांनी फाडलं. काल वाचली, आज पुढे वाचायला उघडली. कालच्या पानांवर काहीतरी राहिलं असं वाटून मागे गेले, तर समासात रेघ. उभी. उजेडात तिरकी धरून पाहिली. तीच.

हे पुस्तक तिनं पाहिलेलं नाही. ती गेली तेव्हा छापलंसुद्धा नव्हतं.

आधी वाटलं मीच केली असेल. मग दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. नखं आहेत कुठे? काल याच पुस्तकापायी अंगठ्याचं मुळापर्यंत खाल्लंय. गंमत म्हणून कागदावर अंगठा घासून पाहिला. नुसतं कातडं घासलं. खूण नाही, काही नाही.

१० फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तकवाल्याला विचारलं. म्हणाला, ताई, गठ्ठा माझ्यासमोर फुटला.

१३ फेब्रुवारी, रविवार

माझ्या मांडणीतली सगळी पुस्तकं तपासली. जुन्यांत काही नाही. या घरात आल्यावर जी वाचली त्यांत आहे. जे जे त्या खुर्चीत बसून वाचलं, त्यात रेघ.

आणि खूण कशाला करावी? पुराव्याला नाही! चाकू कुठे सापडला, खोटं कोण बोललं, त्याला नाही. काल ज्याला रेघ होती ते असं — "इन्स्पेक्टर आत आला तेव्हा मेलेल्या माणसाचा शर्ट दोरीवर वाळत होता. त्याने तो काढला, घडी घातली, आणि मग ती घडी कुणाच्या हातात द्यायची ते त्याला कळेना." मी ते सर्रकन ओलांडून गेले होते. त्यात धागादोरा काहीच नाही. नुसता शर्ट.

पण संध्याकाळी तेच वाचलं. दुसरं काय वाचणार? यांनी माझा हात धरला. पहिल्यांदा. सोडलाच नाही.

मी घाबरले आहे की सुखात आहे, मला कळत नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

अक्षरं पुसट दिसतात म्हणून काल दुकानात मालकांपुढे बसले. रोज लोकांना जी जड फ्रेम चढवते ती माझ्या नाकावर! काचा बदलत मालकांनी विचारलं, हे बरं की हे? चाळिशी लागली म्हणाले. सव्वा. डाव्या डोळ्याला थोडा तिरका नंबरही आहे, तो मात्र मागच्या वेळी नव्हता, तुझे डोळे मीच तपासले होते, म्हणाले. मी घरी येऊन खुर्चीशेजारचा खण उघडला. तिचा चष्मा तिथे असतो, मला माहीत होतं. आज सुट्टी असून दुकानात गेले, मालकांकडून किल्ली घेतली आणि तो नंबर मोजायच्या यंत्रावर लावला.

सव्वा. डावीकडे तिरका. तिरका किती, कुठल्या बाजूला, तेही.

मालक म्हणाले, चाळिशीत हेच नंबर निघतात, मनाला लावून घेऊ नकोस. तेवढ्यासाठी नवी काच कशाला घालवतेस, हाच वापर.

हाच वापरतेय. छान दिसतं. नाकावर बसायला हवा तसा बसलाय, एकदाही वाकवावा लागला नाही.

२७ फेब्रुवारी, रविवार

बंद केलं. आठवडाभर काही वाचलं नाही, मोठ्यानं नाही, मनातही नाही. चष्मा खणात. खुर्ची उचलून गॅलरीत ठेवली. मला माझी मी हवी आहे. कुणाच्या उष्ट्या आवडींवर किती दिवस जगायचं?

संध्याकाळी चहा झाला की हे बशी गुडघ्यावर ठेवून बसतात. वाट बघतात. मी दुकानातल्या गोष्टी सांगते. हे म्हणतात, "अच्छा." मग उठून गॅलरीत जातात आणि त्या खुर्चीपाशी उभे राहतात. बसत नाहीत. नुसतं पाठीवर हात ठेवून.

काल मीठ बरोबर आहे का विचारलं. हो म्हणाले.

५ मार्च, शनिवार

खुर्ची आत आणली.

६ मार्च, रविवार

संध्याकाळी वाचलं. काय वाचलं ते लिहीत नाही. एवढंच लिहिते की सुरुवात करताना माझ्या तोंडून गेलं — "अरे, ऐक ना."

दोघंही थांबलो. मला वाटलं, आता काहीतरी होणार. जन्मात कधी यांना अरे म्हटलं नव्हतं. यांनी गुडघ्यावरची बशी सरळ केली. मग अगदी हळू म्हणाले, "वाच."

१३ मार्च, रविवार

आईचा फोन आला. काय वाचतेस म्हणाली. लहानपणी पुस्तक हिसकावून घ्यायची आणि आता दर रविवारी तेवढंच विचारते. मी सांगायला लागले. नवी रहस्यकथा आहे, खून माळ्यानं केलेला नाही, धाकट्या सुनेनं केलाय, पण ते जाऊ दे, त्यात एक कोरडी विहीर आहे, तिचं इतकं सुंदर — आई मध्येच म्हणाली, अगं, शेवट का सांगतेस? संपलं का पुस्तक?

नाही. चार पानं झालीत फक्त. मी शेवट आधी वाचला होता.

केव्हा वाचला? आठवत नाही. एवढंच आठवतं की नंतर फार बरं वाटलं. घाई नव्हती.

पुस्तक मिटून ठेवलं. खून कुणी का करेना! मला विहिरीचं आवडलंय. आणि हे मला आवडलंय की तिला, हे आता विचारायचं तरी कुणाला?

२० मार्च, रविवार

आज ही वही उघडली तर पहिल्याच पानावर रेघ.

माझ्या वहीत! कुणाला ठाऊक नाही ही कुठे असते. त्याला तर अजिबातच नाही, तो छापलेलंसुद्धा वाचत नाही, हाताचं काय वाचणार. पान खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. नऊ जानेवारी. "मेलेल्या सवतीशी भांडताही येत नाही." बरोबर त्याच्याच कडेला. लांब, एका दमात ओढलेली. बाकी कशालाच खूण नाही, माझ्या रडगाण्याला नाही, त्याच्या दातांना नाही.

अंगावर सरसरून काटा आला. आणि खरं सांगायचं तर, हसूही आलं. तिला आवडलं!

२१ मार्च, सोमवार

वाचलं त्याला. वही पुस्तकात घालून धरली आणि तेवढंच वाचलं.

तो हसला. हसता हसता थांबेना, डोळ्यांतून पाणी, खांदे हलताहेत. मग ते हसणं नाही हे कळलं. पुष्कळ वेळानं विचारलं, कुठल्या पुस्तकातलं? मी म्हटलं, असंच एका. म्हणाला, हिला हे फार आवडलं असतं.

हिला. तिला नाही म्हणाला. हिला.

२२ मार्च, मंगळवार

आता सगळं सांगूनच टाकायचं ठरवलं. मग ठेवो नाहीतर पाठवो माहेरी. कामावरून आला, हात धुतले, चहा दिला. पुस्तक न घेता समोर बसले. सांगितलं. निवडते ती मी नाही. पहिल्या दिवसापासून तिच्या खुणा वाचतेय. आणि आता माझ्या पुस्तकांतही खुणा होतात, त्या मी करत नाही, कोण करतं मला माहीत नाही, मला भीती वाटते. 

त्यानं कप खाली ठेवला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही, हेच मला सहन होईना.

"तूच करतेस गं," तो म्हणाला. "कितीदा बघितलंय मी. रविवारी दुपारी त्या खुर्चीत असतेस तेव्हा. वाचता वाचता थांबतेस, अंगठा टेकवतेस आणि खाली ओढतेस."

मी दोन्ही हात त्याच्या तोंडापुढे धरले. "कशानं?"

त्यानं माझा उजवा अंगठा धरला. उलटसुलट करून बघितला, एखादा घासलेला स्क्रू बघावा तसा. खूप वेळ. चेहरा उतरला त्याचा. मग मान खाली घालून, शाळेत चोरी पकडल्यासारखा म्हणाला, "मला वाटलं, तुमचं दोघींचं ठरलंय."

२३ मार्च, बुधवार

आज काही वाचलं नाही. त्यानंही मागितलं नाही. पण बशी गुडघ्यावर होती.

२७ मार्च, रविवार

माझं सगळ्यात आवडतं पुस्तक काढलं. कॉलेजात असताना घेतलेलं, कितीदा वाचलं त्याला गणती नाही. त्यातला बंद खोलीतला खून आला की दर वेळी मी करंगळीपर्यंत सगळं संपवायचे. आज मुद्दाम, हट्टानं, अंगठा तोंडात घालून बसले. म्हटलं, बघूच! ही बोटं माझी आहेत आणि हे दातही माझेच.

चव लागेना. दुसऱ्या कुणाचं बोट तोंडात घेतल्यासारखं झालं. शिसारी येऊन काढलं.

खून झाला. खोली बंद होती. मला काहीच वाटलं नाही. फक्त एका ठिकाणी पडद्याचा रंग उडालेला होता, त्याचं फार छान लिहिलंय. इतक्या वर्षांत ते कसं दिसलं नाही कुणाला?

८ मे, रविवार

नणंदबाई आल्या होत्या. "वहिनी, चहा ठेव," म्हणाल्या दारातूनच. मांडणीवरून उतरवून पुन्हा खोक्यांत भरलेल्या रहस्यकथा त्यांच्याकडे दिल्या, त्यांच्या शेजारणीला हव्या होत्या. बरंच झालं. मला त्यांची कधीच गोडी नव्हती.

मग खिडकीशी बसून नखं कापली. उजव्या अंगठ्याचं तेवढं ठेवलं. संध्याकाळी लागतं.